गव्हाच्या नगरीत गव्हावाचून

दिल्लीच्या कोणत्याही बाजारातून संध्याकाळी एक फेरी मारली, म्हणजे या शहराचे मुख्य अन्न कोणते, हे कोणाला विचारावे लागत नाही. एकीकडे तंदुरातून रोट्या आणि नान निघत असतात, दुसरीकडे कढईत भटुरे फुगत असतात. समोशांच्या परातीशेजारी गोलगप्प्यांची रास, तिच्याशेजारी जिलबी आणि पलीकडे मोमोंच्या पात्रातून उठणारी वाफ. रूपे निराळी, नावे निराळी, पण या साऱ्यांचे मूळ एकच : गहू. पंजाब, हरयाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेश यांच्या गव्हाच्या शेतांनी वेढलेले हे शहर पूर्वीपासून पोळीचे होते. १९४७ नंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी तंदूर गल्लोगल्ली नेला आणि दिल्लीच्या ताटातील गव्हाचे स्थान कायमचे पक्के झाले.

अशा या शहरात ज्याला गव्हाचा कणही वर्ज्य आहे, त्याने घराबाहेर जेवावे तरी कोठे? प्रश्न वरवर पाहता चैनीचा वाटतो. परंतु ज्यांना तो रोज सोडवावा लागतो, त्यांच्या दृष्टीने तो चैनीचा नसून प्रकृतीचा आहे. नोकरी, शिक्षण, प्रवास आणि स्नेहसंबंध या सर्वांशी तो निगडित आहे, कारण महानगरात राहणाऱ्या माणसाला दिवसाचे एक जेवण तरी बहुधा परक्या हातचे घ्यावे लागते.

ज्या व्याधीमुळे हे पथ्य पाळावे लागते, तिला सीलिअॅक रोग असे म्हणतात. गहू, जव आणि थंड देशांत पिकणारे राय नावाचे धान्य यांत काही विशिष्ट प्रथिने असतात. त्या सर्वांना मिळून व्यवहारात ‘ग्लूटेन’ म्हणतात. कणीक तिंबताना तिला जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना ती न तुटता जी पसरते, तो सारा या ग्लूटेनचा गुण. बहुसंख्य लोकांना ते मुळीच बाधत नाही. परंतु काही व्यक्तींची प्रकृती जन्मतःच अशी असते, की ग्लूटेन पोटात गेले असता शरीराची संरक्षक यंत्रणा बिथरते आणि आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषून घेणे हे त्यांचे काम. ते अंकुर झिजून सपाट होऊ लागतात. मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मुलांचे पोट फुगते, जुलाब होतात, वाढ खुंटते. प्रौढांत पुष्कळदा पोटाची तक्रार फारशी नसते. औषधे घेऊनही न हटणारा पांडुरोग, हाडांचा ठिसूळपणा, सततचा थकवा एवढीच लक्षणे दिसतात. त्यामुळे खरे निदान कित्येक वर्षे लांबते.

या व्याधीची ओळख जुनी आहे. ग्रीक वैद्य अरेटिअस याने सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी तिच्याशी मिळत्याजुळत्या विकाराचे वर्णन केले आहे. लंडनचे वैद्य सॅम्युएल गी यांनी १८८८ साली तिचे आधुनिक वर्णन प्रसिद्ध केले आणि रोगी बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल, असे अनुमान बांधले. मात्र कोणत्या आहाराने, हे त्यांना उमगले नाही. ते कोडे सोडवले हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच त्यांचा संशय गव्हावर गेला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई पडली आणि पाव मिळेनासा झाला. सारा देश उपासमारीने खंगत असताना या विकाराची मुले मात्र सुधारू लागली. पुढे पाव पुन्हा मिळू लागला, तशी त्यांची दुखणीही परत आली. डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध सादर केला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत गव्हातील ग्लूटेन हेच मूळ कारण असल्याचे सिद्ध झाले. तेव्हापासून आजतागायत या रोगावर एकच मान्य उपाय आहे : गहू, जव आणि राय यांचा जन्मभर संपूर्ण त्याग.

हा युरोपीय लोकांचा रोग आहे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. ती चुकीची ठरली. २०११ साली दिल्ली परिसरातील एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार सुमारे शहाण्णव माणसांत एकाला हा रोग असल्याचे आढळले. गर्दीने भरलेल्या मेट्रोच्या एका डब्यातही अशी दोन-तीन माणसे असण्याचा संभव आहे आणि त्यांपैकी कित्येकांना आपल्या दुखण्याचे नावही ठाऊक नसेल. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत देशाच्या विभागांची तुलना करण्यात आली. या रोगाची निदर्शक प्रतिपिंडे उत्तरेकडील शेकडा १.२३, ईशान्येकडील शेकडा ०.८७ आणि दक्षिणेकडील शेकडा ०.१० लोकांच्या रक्तात आढळली. गहू जेथे अधिक खाल्ला जातो तेथे रोगही अधिक, हे त्यावरून सहज लक्षात येते. आनुवंशिक कारणेही त्यास आहेतच.

येथे एक सूचना अवश्य लक्षात ठेवावी. लक्षणे वाचून किंवा ऐकून कोणी आपण होऊन गहू सोडू नये. रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीने घेतलेल्या आतड्याच्या तुकड्याची तपासणी, या दोन्ही गहू खाण्यात असतानाच कराव्या लागतात. आधी गहू सोडला तर आतडे सावरू लागते आणि रोगाची खूण पुसट होऊन निदान हुकते. प्रथम वैद्य, मग पथ्य, हाच क्रम योग्य होय.

आता पथ्याच्या काटेकोरपणाविषयी. “एखादा घास खाल्ल्याने काय होते?” असा प्रश्न सद्‌हेतूने नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर आकड्यांनीच देणे बरे. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे अडीच ग्रॅम ग्लूटेन असते. रोज पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा जेमतेम पन्नासावा हिस्सा, काही महिने पोटात गेल्यास आतड्याला इजा पोहोचू शकते, असे प्रयोगान्ती दिसून आले आहे. पोळीचा पन्नासावा हिस्सा म्हणजे बोटाच्या पेराएवढा तुकडा. तो मुद्दाम खावा लागतो असे नाही. पिठाच्या हाताने वाढलेल्या भातातून, पुऱ्या तळलेल्या तेलातून, रोटी भाजलेल्या तव्यावरून तो नकळत ताटात येतो. तळल्याने, उकळल्याने अथवा भाजल्याने ग्लूटेन नष्ट होत नाही. ते साबणाच्या पाण्याने धुऊनच काढावे लागते.

यावरून बाहेरच्या जेवणात गहू तीन प्रकारांनी भेटतो, असे म्हणता येईल. पहिला उघड गहू : रोटी, नान, पुरी, समोसा, शिरा, शेवया. तो डोळ्यांना दिसतो आणि म्हणून फारसा धोक्याचा नाही. दुसरा छुपा गहू : पदार्थाच्या नावावरून ज्याचा पत्ता लागत नाही असा. तिसरा संसर्गाचा गहू : पदार्थात नसलेला, परंतु भांडे, तेल, तवा वा हात यांतून त्याला चिकटलेला. भोजनगृहाची खरी पारख या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात होते.

छुप्या गव्हाचे सर्वांत नवलाचे उदाहरण म्हणजे हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच वापरता येत नाही. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून त्याची तीव्रता कमी करतात. ते पीठ पुष्कळदा मैद्याचे किंवा कणकेचे असते. हाच बांधानी हिंग वरणात, सांबारात, कढीत, पापडात आणि लोणच्यात पडतो. त्यामुळे तूरडाळ निर्दोष, तांदूळ निर्दोष, तरीही वरणभात सदोष, असा प्रसंग ओढवतो. तांदळाचे पीठ घालून केलेला हिंग बाजारात मिळतो. घरी तो वापरता येतो, परंतु परक्या फोडणीवर कोणाचा अधिकार चालणार? चिनी पद्धतीच्या पदार्थांतील सोया सॉस हे दुसरे उदाहरण. नावात सोयाबीन असले तरी तो बहुधा गहू घालून आंबवलेला असतो. जुन्या दिल्लीतील निहारीचा रस्सा पीठ लावून दाट करतात. हलीमात तर गहूच शिजवलेला असतो. दमाच्या बिर्याणीत गहू नसतो, पण तिच्या हंड्याचे तोंड कणकेने बंद करण्याची चाल आहे. गुलाबजामात मैदा असतो. बेसनाच्या लाडवात रवा, रसगुल्ल्यात चिमूटभर रवा किंवा मैदा असण्याचा संभव असतो. जवापासून केलेल्या माल्टमुळे दुधात घालायच्या कित्येक पौष्टिक चूर्णांनाही या यादीत स्थान मिळते.

शब्दही कधी कधी फसवतात. महाराष्ट्रात ‘सातू’ म्हणजे जव, आणि सातूचे पीठ म्हटले की त्यात बहुधा गहू व डाळे असतात. बिहारी माणूस ‘सत्तू’ म्हणतो तेव्हा त्याला हरभऱ्याचे पीठ अभिप्रेत असते, परंतु जवाचा सत्तूही तिकडे असतो. हिंदीतील ‘सूजी’ म्हणजे रवा आणि ‘दलिया’ म्हणजे गव्हाचा भरडा. उलट ‘कुट्टू’ हे धान्य इंग्रजीत बकव्हीट म्हणून ओळखले जाते. त्या नावात गहू असला तरी त्या दाण्याचा गव्हाशी काडीचाही संबंध नाही आणि तो पथ्याला चालतो.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर दिल्लीच्या भोजनगृहांकडे वळावे. प्रथम पंजाबी ढाबा. येथे तंदूर हाच मुख्य, आणि त्याच तंदुरात रोटीशेजारी पनीर आणि कोंबडीही भाजली जाते. म्हणून तंदुरी पदार्थ वर्ज्य समजावेत. पुष्कळ ठिकाणी रस्सा दाट करण्यास मैदा लावतात. तरीही ढाबा सर्वस्वी त्याज्य नाही. राजमा-चावल हे दिल्लीचे खरेखुरे घरगुती अन्न आहे. भात वेगळ्या पातेल्यात शिजतो, राजम्यात पीठ नसते. हिंगाची चौकशी केली आणि स्वच्छ पळीने वाढून घेतले, तर हे जेवण बहुतांशी निर्धास्त ठरते. हिवाळ्यात मिळणारी मक्याची रोटी आणि सरसोंचा साग हाही चांगला पर्याय वाटतो. परंतु मक्याची रोटी थापताना तुटू नये म्हणून काही ठिकाणी तिच्यात कणीक मिसळतात आणि ती गव्हाच्या रोटीच्याच तव्यावर पडते. विचारल्यावाचून ती घेऊ नये.

दाक्षिणात्य उपाहारगृहे ही गहू वर्ज्य असणाऱ्यांची जुनी आधारस्थाने. तांदूळ आणि उडीद यांची इडली, डोसा, उत्तप्पा हे मुळात निर्दोष पदार्थ होत. तथापि तेथेही जागरूक राहावे लागते. डोसा कुरकुरीत व्हावा म्हणून पिठात रवा घालण्याची युक्ती काही आचारी करतात. साधा डोसा आणि रवा डोसा एकाच तव्यावर होतात. वड्याच्या कढईत पुऱ्याही तळल्या जातात. सांबारात हिंग तर असतोच. त्यामुळे सर्वांत सुरक्षित अशी तेथील वस्तू म्हणजे वाफवलेली इडली आणि फोडणी न घातलेली नारळाची चटणी. इडलीपात्रात त्याच वेळी रवा इडली नाही ना, एवढे मात्र पाहावे. केरळी भोजनगृहात आप्पम, पुट्टू आणि इडिअप्पम ही तांदळाची मंडळी भेटतात. मात्र शेजारचा परोठा शुद्ध मैद्याचा असतो.

दिल्ली ही राजधानी असल्याने तिच्याजवळ एक सोय आहे, जी अन्य शहरांना सहसा लाभत नाही : निरनिराळ्या राज्यांची सदने आणि भवने. त्यांपैकी काहींची उपाहारगृहे सर्वांसाठी खुली असतात. आंध्र भवनातील भोजन तर दिल्लीकरांच्या नित्य परिचयाचे आहे. भात, पप्पू, रसम, भाज्या आणि दही. पानात पुरीही येते, ती आधीच नको म्हणून सांगावी. पानात पडल्यावर काढून ठेवणे उपयोगाचे नाही. आय. एन. ए. बाजारासमोरील दिल्ली हाट १९९४ साली सुरू झाला. तेथेही अनेक राज्यांची खाद्यगृहे शेजारीशेजारी आहेत. भारताच्या भूगोलाचा तेथे एक उत्तम धडा मिळतो. ईशान्येचे मोमो मैद्याचे, बिहारची लिट्टी कणकेची, म्हणून ती दोन्ही बाद. पण बंगालचा मासळीचा रस्सा आणि भात, मासळी पिठात घोळवलेली नसेल तर, चालण्याजोगा. गोमंतकीय आणि मालवणी मासळीच्या बाबतीत हाच प्रश्न मुंबईतही विचारावा लागतो : तुकडी रव्यात घोळवली आहे की तांदळाच्या पिठात? कालवण-भात आणि सोलकढी यांच्याविषयी मात्र शंका कमी.

रस्त्यावरील खाद्यांतही दोन-चार गोष्टी हाती लागतात. हिवाळ्यात निखाऱ्यांवर भाजलेली रताळी लिंबू पिळून विकतात. चांदनी चौकाच्या परिसरात थंडीच्या दिवसांत ‘दौलत की चाट’ मिळते. ती चाट नसून दुधाचा हलका फेस असतो, वर खवा आणि साखर. आग्र्याचा पेठा कोहळ्याचा, फिरनी तांदळाची. चाटच्या गाड्यावर मात्र पापडी, गोलगप्पे आणि टिक्की यांचा हात एकच असतो, तेव्हा तेथून दूर राहिलेलेच बरे. विषाची परीक्षा पाहण्यात शहाणपण नाही.

या सर्वांहून महत्त्वाचा मार्ग मात्र आपल्या परंपरेतच आहे आणि तो म्हणजे उपवासाचा. दिल्लीतील कोणत्याही आचाऱ्याला ‘ग्लूटेन’ हा शब्द कळेलच असे नाही. पण ‘व्रत का खाना’ म्हटले की त्याला काही समजावून सांगावे लागत नाही. चैत्र आणि आश्विन या दोन्ही नवरात्रांत कित्येक भोजनगृहे व्रताची थाळी करतात. तिच्यात कुट्टूच्या किंवा शिंगाड्याच्या पिठाच्या पुऱ्या, सामक तांदूळ म्हणजे आपली वरी, साबुदाणा, राजगिरा, बटाटा आणि दही यांची योजना असते. गहू त्यात नसतोच आणि पुष्कळांच्या उपवासाला हिंगही चालत नाही. मराठी माणसाला ही यादी घरचीच वाटेल. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची पुरी : एकादशीचे आपले ताट योगायोगाने जवळजवळ संपूर्णपणे या पथ्याचे ताट आहे. मुख्य लाभ असा की, उपवासाच्या अन्नाविषयी आचाऱ्याच्या मनात धाक असतो. दुसऱ्याचे व्रत आपल्या हातून मोडू नये, म्हणून तो कढई वेगळी ठेवतो, पीठ वेगळे ठेवतो. जी काळजी आरोग्याच्या नावाने मागून मिळत नाही, ती धर्माच्या नावाने न मागता मिळते. मात्र व्रत आणि पथ्य या सर्वस्वी एक गोष्टी नव्हेत. शिंगाड्याचे पीठ गव्हाच्याच गिरणीत दळलेले असू शकते. तेव्हा तेल आणि पीठ यांची चौकशी येथेही करावी.

गिरणीचा प्रश्न महाराष्ट्रीय घरांनाही सुटलेला नाही. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही धान्ये ग्लूटेनमुक्त असल्याने भाकरी खाणाऱ्या घरात हे पथ्य तितके परके वाटत नाही. परंतु गव्हाबरोबर किडे रगडले जातात ही जुनी म्हण झाली. येथे गव्हामागून जोंधळा रगडला जातो आणि जात्यात उरलेला गहू त्यात उतरतो. ज्यांना शक्य आहे ते घरगुती चक्की ठेवतात. थालीपिठाच्या भाजणीतही अनेक घरी गहू असतो, हेही विसरू नये. संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्या निमित्ताने ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांचे पदार्थ दिल्लीतील मोठ्या उपाहारगृहांच्या पत्रकांतही दिसू लागले. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. केवळ ‘बाजरीची रोटी’ एवढे लिहिलेले पाहून समाधान मानू नये. ती शुद्ध बाजरीची आहे की कणीक मिसळलेली, हे विचारावे.

उंची हॉटेलांत परिस्थिती वरवर सोपी दिसते. तेथील आचाऱ्यांना शिक्षण असते, पदार्थांच्या यादीत ‘ग्लूटेन-फ्री’ अशी खूणही असते. पण तिच्यामागे दोन अडचणी आहेत. एक खर्चाची, ती उघडच आहे. दुसरी सूक्ष्म आहे. अलीकडे वजन उतरवण्याच्या किंवा नवलाईच्या हौसेने गहू वर्ज्य करणारे पुष्कळ झाले. असा एखादा ग्राहक ग्लूटेनविरहित पदार्थ मागवतो आणि मागाहून खुशाल केकचा तुकडा खातो. वाढपी ते पाहतो आणि ही सारी लहर आहे, असे मनाशी ठरवतो. पुढच्या मेजावर खरा रोगी बसलेला असतो. त्याच्या विनंतीचे मोल त्या दिवशी कमी होते. तांदळाच्या पिठाचा पिझ्झा मैद्याने पांढऱ्या झालेल्या ओट्यावर भाजला जातो, तो अशा समजुतीमुळेच.

कायद्याने या बाबतीत काही पाया घातला आहे. ज्या अन्नात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नाही, त्यालाच ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणता येते; आंतरराष्ट्रीय प्रमाणही हेच आहे. २०२० च्या नियमांनुसार वेष्टनातील अन्नावर गव्हासारख्या ग्लूटेनयुक्त धान्यांचा स्पष्ट उल्लेख बंधनकारक आहे, आणि दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या भोजनगृहांनी पदार्थांतील अशा घटकांची माहिती ग्राहकांस पुरवावी, अशीही तरतूद आहे. ती माहिती मागणे हा ग्राहकाचा हक्क असून त्यात संकोच मानण्याचे कारण नाही. परंतु नियमाचा हात कोपऱ्यावरील ढाब्याच्या तव्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे आचाऱ्याची सदिच्छा हाच कायदा. ती मिळवण्याची रीत मात्र शिकता येते.

पहिली गोष्ट वेळेची. दुपारी एक वाजता किंवा रात्री नऊ वाजता, गर्दी ऐन भरात असताना, कोणताही आचारी कोणाचे ऐकून घेणार नाही. बारापूर्वी अथवा संध्याकाळी सात वाजता गेल्यास तोच माणूस बाहेर येऊन बोलतो. दुसरी गोष्ट, प्रश्न वाढप्याला न विचारता शक्य तर स्वयंपाकघरात विचारावा. वाढप्याचे ‘हाँ जी, सब ठीक है’ हे सौजन्य असते, माहिती नसते. तिसरी गोष्ट भाषेची. ‘ग्लूटेन’ न म्हणता वस्तूंची नावे घ्यावीत : ‘भाईसाहब, गेहूँ, आटा, मैदा, सूजी, जौ, इनमें से कुछ भी नहीं चलेगा, हींग भी नहीं. बीमारी है, डॉक्टर ने मना किया है.’ हाच मजकूर एका कार्डावर लिहून जवळ ठेवणारे पुष्कळ आहेत आणि ते कार्ड आत पाठवणे सर्वांत सोयीचे. चौथी गोष्ट, ‘यात गहू आहे का?’ एवढ्याच प्रश्नावर न थांबता ‘हे कशात तळता?’, ‘तवा वेगळा आहे का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला हो-नाहीचे उत्तर मिळते. दुसऱ्याला खरे उत्तर मिळते. आणि जेथे आचारी ‘माहीत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो, तेथे आभार मानून उठावे. तो माणूस हितचिंतकच होय. एकदा विश्वासाचे ठिकाण सापडले, म्हणजे तेथेच पुन्हा पुन्हा जावे. शहरात शेकडो भोजनगृहे असली, तरी अशा माणसाला तीन-चार पुरतात.

शेवटी या प्रश्नाची सामाजिक बाजू. कोणत्याही पथ्यात जिभेचा निग्रह सोपा, माणसांचा आग्रह कठीण. कचेरीत बढतीचे पेढे वाटले जातात, तेथे फारशी अडचण नसते. पण समोसे येतात तेव्हा एक जण हात आखडून बसतो. लग्नाच्या पंगतीत ‘माझ्यासाठी एक घास’ असा प्रेमाचा आग्रह होतो. शाळेत मधल्या सुट्टीत डब्यांची देवाणघेवाण होते, आणि ज्या मुलाला काही घेता येत नाही त्याला हळूहळू काही देताही येईनासे होते. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याच्या शिऱ्याचा, गुरुद्वारातील कडा प्रसाद कणकेचा. प्रसादाला नको म्हणायचे कसे, या धर्मसंकटात श्रद्धाळू माणूस सापडतो. प्रसाद हाती घेऊन मस्तकी लावावा आणि शेजाऱ्याला द्यावा, ही वाट पुष्कळांनी काढली आहे व तीत अनादर काही नाही. पण त्याहून चांगली वाट यजमानाच्या हाती आहे. शिऱ्याबरोबर केळी किंवा पंचामृत ठेवणे, मुलांच्या वाढदिवशी केकाशेजारी नारळाची वडी ठेवणे, पंगतीत भात आणि बिनहिंगाचे वरण आधी काढून झाकून ठेवणे, यांस खर्च पडत नाही. एकच गोष्ट लागते, ती म्हणजे आधी आठवण ठेवणे.

मधुमेही पाहुण्यासाठी बिनसाखरेचा चहा करणे हे आज कोणालाही विशेष वाटत नाही. उपवास करणाऱ्यासाठी वेगळे ताट मांडण्याची चाल तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्या ताटावर बसणाऱ्याला कोणी हिणवत नाही, उलट मानाने वाढतात. गहू वर्ज्य असणाऱ्याचे ताटही त्याच पंगतीत, त्याच मानाने मांडले गेले पाहिजे. महानगरात चांगले भोजनगृह शोधण्याची त्याची धडपड काही पत्त्यांनी आणि थोड्या सावधगिरीने पुष्कळ हलकी होईल. पण ती खऱ्या अर्थाने तेव्हा संपेल, जेव्हा तव्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला हे उमगेल की, समोरचा ग्राहक चवीची फर्माईश करीत नसून आपल्या प्रकृतीचा एक भाग विश्वासाने त्याच्या हाती सोपवीत आहे.